लिस्बनमधे फादो आणि जेवण: संध्याकाळ वाया जाऊ नये म्हणून काय करायचं

लिस्बनला जाणाऱ्या प्रत्येकाच्या लिस्टमधे फादो, म्हणजे पोर्तुगालचं तिथलं पारंपरिक गाणं, आणि डिनर असतंच, आणि परत आल्यावर त्यातले निम्मे लोक हेच सांगतात की जेवण महाग होतं, मधेच लाईट घालवले, गाणं सुरू असताना वेटर फिरकला पण नाही. मला विचाराल तर गडबड सुरुवातीलाच होते, आपण हॉटेलात जेवायला चाललोय आणि सोबत गाणं आहे असं धरून जातो. ते उलटं धरा. तुम्ही गाण्याच्या बैठकीला चाललाय आणि मधल्या वेळात तिथे ताट वाढतात. एवढं डोक्यात बसलं की बुकिंगपासून बिलापर्यंत सगळंच सोपं होतं.

आधी थोडं फादोबद्दल, म्हणजे समोर काय चाललंय ते कळेल. तिकडचे लोक उच्चार 'फादु' असा करतात, शब्द लॅटिनमधल्या दैव ह्या अर्थाच्या शब्दावरून आलाय. हे लिस्बनच्या गरीब वस्त्यांमधलं गाणं, १९व्या शतकातलं, खलाशी, हमाल, गुत्ते, वेश्यावस्ती अशा सगळ्या दुनियेतून वर आलेलं. मोरारिया भागातली मारिया सेव्हेरा नावाची बाई ह्या गाण्याची आद्य नायिका मानतात, १८२० साली जन्मली आणि १८४६ ला म्हणजे पंचविशी-सव्विशीतच गेली. बायका फादो गाताना काळी शाल घेतात ती तिच्या आठवणीत, असं सांगतात. आता हे गुत्त्यातलं गाणं पांढऱ्या टेबलक्लॉथवर कसं आलं तर त्यात सरकारचा हात आहे. १९२७ मधे कायदा आला की गाणाऱ्याकडे व्यावसायिक कार्ड पाहिजे, जागेला परवाना पाहिजे आणि गाण्याचे शब्द आधी तपासून घ्यायचे. मग रस्त्यावरचं, मनात येईल ते गाणं आक्रसत गेलं आणि परवानेवाल्या जागा वाढल्या, ज्यांना ते 'काझा द फादुश' म्हणतात, फादोचं घर. जेवण आणि गाणं एकाच बिलात आलं ते साधारण अशा वाटेनं. २०११ मधे युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत फादोचं नाव आलं आणि मग टुरिस्ट लोकांची जी रांग लागली ती लागलीच.

तर पहिलं काम, जागा ठरवणं. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एक म्हणजे काझा द फादुश, बसून पूर्ण जेवण, रात्रभरात तीनचार गायक-गायिका आलटून पालटून येतात. दुसरा तासाभराचा शो, नाट्यगृहासारख्या खुर्च्या, फार तर हातात वाईनचा ग्लास, जेवण नाही, संध्याकाळी लवकर असतो. तिसरा 'फादु व्हादियु', म्हणजे भटका फादो, छोट्या टपरीवजा बारमधे हौशी लोक येऊन गातात, टॅक्सीवाला असेल, स्वयंपाकघरातली मावशी असेल, शेजारची आजी असेल. लहान मुलं सोबत असतील किंवा कुणाला नऊला झोप येत असेल तर सरळ दुसरा प्रकार घ्या, उगाच अडीच तास अंधारात मुलाला गप्प बसवत बसू नका. बाकीच्यांनी पहिला करावा आणि एखादी रात्र शिल्लक असेल तर तिसरा.

भाग म्हणाल तर आल्फामा, मोरारिया आणि बाइरु आल्तु. आल्फामामधे जुन्या घरांचा बोळ बोळ खेळ आहे आणि फादोच्या जागा सगळ्यात दाट तिथेच. बाइरु आल्तुमधे जुनी नावाजलेली घरं आहेत, काफे लुझु १९२७ पासूनचं, अदेगा मशादु १९३७ पासूनचं, ऊ फाया १९४७ पासूनचं, पण रात्री त्या भागात बाहेर तरुण पोरांचा दंगा असतो तो गृहीत धरा. लापा भागात सेन्योर व्हिन्यु नावाचं फादोचं घर आहे, ते जरा शांत. आल्फामात मेझा द फ्रादश नावाची जागा जुन्या चॅपलमधे आहे, भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाईल्स, टेबलं कमी, तिथे आयत्या वेळी जाऊन जागा मिळेल ह्या भ्रमात राहू नका.

रिव्ह्यू वाचताना लोक जेवणाचे फोटो बघतात, मी म्हणते गाणाऱ्यांची नावं बघा. चांगली जागा त्या रात्री कोण गाणार आणि गिटारवर कोण ते आपल्या वेबसाईटवर टाकते किंवा मेलवर विचारलं की सांगते. जिथे फक्त 'लाईव्ह फादो' लिहिलंय आणि नाव कुणाचंच नाही तिथे मी जात नाही. दुसरी खूण म्हणजे माईक. खोली लहान असेल आणि गायिका माईकशिवाय उभी राहत असेल तर बहुतेक तुम्ही बरोबर ठिकाणी आलात. तिसरी, दारात मेन्यूकार्ड घेऊन उभा राहून हाताला धरून आत ओढणारा माणूस असेल तर पुढे चला. काही ठिकाणी मधेच लोकनृत्याचा कार्यक्रम घुसडतात, रंगीत घागरे वगैरे, ते वाईट नाही पण ते फादो नाही.

खर्चाचं सांगायचं तर नावाजलेल्या घरात माणशी ५० युरो सुटतातच असं समजून चला, वाईन आणि नीट तीन कोर्स घेतले तर त्याच्या बरंच वर. बुकिंग करतानाच तीन प्रश्न विचारून टाका. कमीत कमी खर्चाची अट किती आहे (ते लोक 'कोन्सुमु मिनिमु' म्हणतात), गाण्याचे वेगळे पैसे आहेत का, आणि पाणी-वाईन त्यात धरलंय का. लेखी उत्तर आलं की तो मेल जपून ठेवा. टेबल मागताना किचनच्या दारापासून लांब मागा. आमचं पहिलं टेबल नेमकं त्या दाराशी होतं, दार उघडलं की आतला पिवळा उजेड बरोब्बर बाबांच्या तोंडावर.

वेळ साधारण आठची घ्या. गाणं बहुतेक ठिकाणी नऊच्या आसपास सुरू होतं, म्हणजे तासाभरात ऑर्डर देऊन, सूप-स्टार्टर उरकून मेन डिश येण्याच्या बेतात असते. साडेनऊचं बुकिंग केलंत तर भुकेल्या पोटी अंधारात बसाल. आणि दिवस आधी तपासा, काही घरं रविवारी किंवा सोमवारी बंद असतात.

त्याच दिवशी दुपारी जमलं तर फादोचं म्युझियम करा, आल्फामाच्या पायथ्याशी, १९९८ पासून आहे, दीड तास पुरतो. तिथे कानाला हेडफोन लावून जुनी रेकॉर्डिंग ऐकता येतात. त्यात आमालिया रॉद्रिगेश ऐका, फादोतलं सगळ्यात मोठं नाव. १९२० ते १९९९, गेली तेव्हा देशात तीन दिवस दुखवटा होता आणि आता ती राष्ट्रीय पँथिऑनमधे, म्हणजे देशातल्या थोरांच्या समाधीस्थानात आहे. वर चढून गेलात तर एका भिंतीवर आणि जमिनीवर मिळून फरसबंदीच्या काळ्या-पांढऱ्या दगडांत तिचा चेहरा केलेला दिसेल, पाऊस पडला की दगडांवरून पाणी ओघळतं आणि बाई रडतीये असं वाटतं, मुद्दाम तसंच योजलंय ते. नव्यापैकी मारिझा, कमाने, कार्मिन्यु, आना मोरा असे थोडे थोडे ऐकून जा, म्हणजे कानाला वळण लागतं.

म्युझियममधे पोर्तुगीज गिटार जवळून बघून ठेवा कारण रात्री अंधारात नीट दिसत नाही. नासपतीच्या आकाराचं पोट, बारा तारा, दोन-दोनच्या सहा जोड्या, आणि वर खुंट्यांच्या जागी पंख्यासारखी पसरलेली पितळी-स्टीलची मळसूत्रं. वाजवणारा अंगठा आणि तर्जनीवर नखी चढवतो, आपल्याकडे सतारवाले मिझराब घालतात तसं. आवाज असा की गिटार म्हणावंसं वाटत नाही, संतूर आणि मेंडोलिनच्या मधलं काहीतरी, थरथरणारं. तिच्याबरोबर साधी स्पॅनिश गिटार असते, तिला हे लोक 'व्हियोला' म्हणतात, त्यामुळे घोळ घालू नका. साधी गिटार ताल आणि बूड सांभाळते, बारा तारांची बाई गायिकेच्या मागेमागे उत्तरं देत जाते.

आता जेवण. इथे आपल्याला एक गंमत फुकट मिळते. पोर्तुगीज मेन्यू मराठी माणसाला चक्क थोडासा वाचता येतो. 'पांव' म्हणजे पाव, 'बटाटा' म्हणजे बटाटाच, 'अननाश' म्हणजे अननस, आणि 'कोव्ह' म्हणजे आपली कोबी, हे सगळे शब्द तिकडूनच इकडे आलेत. आईने मेन्यूत बटाटा वाचला आणि तिथून पुढे रात्रभर तिची भीती गेली. काल्दु व्हेर्द हे हिरवं सूप आधी मागवा, बटाट्याचं दाट पाणी आणि त्यात त्या कोव्हची पानं केसासारखी बारीक चिरलेली. त्यात शेवटी शोरिसु म्हणजे डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात, नको असेल तर आधी सांगा, आणि स्टॉक मांसाचा नाही ना तेही विचारा. मासे खात असाल तर बकल्याउ आ ब्राश घ्या, खारवलेला कॉड मासा, तळलेल्या बटाट्याच्या काड्या आणि अंडं, चमच्याने किंवा काट्याने एका हाताने खाता येतं, हे अंधारात फार महत्त्वाचं आहे. पोल्व्हु आ लागारैरु म्हणजे ऑक्टोपस, ऑलिव्ह तेलात आणि लसणात, छान असतो पण कापाकापी आहे. काट्यांचा अख्खा मासा अजिबात मागवू नका, लाईट गेल्यावर काटे कसे काढणार? मातीच्या भांड्यात दारू पेटवून वर भाजायचा शोरिसु पण गाण्याआधीच मागवा, चरचर आवाज होतो.

शाकाहारी लोकांनो, बुकिंगच्या मेलमधेच लिहा, तिथे जाऊन सांगितलं तर आमलेट आणि सॅलडवर भागवायची वेळ येते. पाठ करायचं वाक्य सोपं आहे, 'सें कार्न, सें पैश', मांस नको, मासा नको. मासा वेगळा सांगावा लागतो कारण मांस नको म्हटलं की पुष्कळ जण आनंदाने कॉड आणून देतात. गोडात आरोझ दोस म्हणजे त्यांचा दालचिनी घातलेला तांदळाचा दाट गोड भात, आपल्या खिरीची चुलत बहीण, तो कुठेही मिळतो.

बसल्या बसल्या टेबलवर पाव, ऑलिव्ह, लोणी, चीज, कधी सॉसेज असं न मागता येतं. ह्याला 'कुव्हेर' म्हणतात आणि हे फुकट नाही, प्रत्येक वस्तूचे पैसे लागतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा 'अरे वा' म्हणून सगळं फस्त केलं आणि बिलात ते वेगळ्या चार ओळींत दिसलं. चूक आमचीच, मेन्यूत लिहिलेलं होतं. पण पोर्तुगालचा कायदा तुमच्या बाजूने आहे, न मागितलेलं आणि हात न लावलेलं असेल तर त्याचे पैसे घेता येत नाहीत. त्यामुळे नको असेल तर लगेच हसून परत पाठवा, तिथे कुणाला वाईट वाटत नाही. आणि खरोखरच बिलात काही गैर वाटलं तर तक्रार वही मागा, 'लिव्ह्रु द रेक्लामासोंइश', प्रत्येक ठिकाणी ठेवणं सक्तीचं आहे, बरेचदा नुसतं नाव काढलं तरी बिल दुरुस्त होऊन येतं.

मग तो क्षण येतो. वेटर ताटं उचलता उचलता थांबतात, लाईट कमी होतात, कुणीतरी म्हणतं 'सिलेंसियु, के से व्हाय कंतार ऊ फादु', शांतता, आता फादो गायला जाणार आहे. इथून पंधरा-वीस मिनिटं, तीन-चार गाणी, ही तुमची परीक्षा. बोलायचं नाही, कुजबुज पण नाही. काटा-सुरी खाली. वेटरला हात करायचा नाही, तो पण भिंतीला टेकून उभा असतो. मोबाईल सायलेंट आणि उलटा पालथा, स्क्रीनचा उजेड त्या खोलीत टॉर्चसारखा पडतो. व्हिडिओचं आधी विचारा, काही ठिकाणी चालतं, पुष्कळ ठिकाणी डोळे वटारतात. टॉयलेटला जायचं तर दोन गाण्यांच्या मधे टाळ्या चालू असताना सटका, आणि परत येताना गाणं सुरू असेल तर दारातच उभं राहायचं. सेट संपला की लाईट लागतात, मेन डिश येते, गप्पा, अर्धा तास मजेत खा, मग पुढचा गायक.

दाद देण्याचा मामला आपल्याला जरा अवघड जातो. आमच्या बाबांना बैठकीची सवय, जागा चांगली घेतली की 'वा!' निघतंच तोंडातून. गायिकेने डोळे मिटून, मान मागे टाकून एक ओळ अशी काही लांबवली की बाबा बोललेच, चांगलं खणखणीत, गाण्याच्या मधोमध. शेजारच्या टेबलवरच्या आजोबांनी वळून पाहिलं. आई टेबलखालून चिमटा काढत होती. गाणं संपल्यावर मात्र तेच आजोबा त्यांच्या भाषेत ओरडले, 'आ, फादिश्ता!' (फादिश्ता म्हणजे फादो गाणारी), आणि बाबांकडे बघून मान हलवली, म्हणजे असं, ह्या वेळेला. तर नियम हा की गाण्यात नाही, शेवटच्या ओळीला किंवा टाळ्यांच्या आधी बिनधास्त. पुढच्या सेटला बाबा बरोबर तिथेच 'आ फादिश्ता' म्हणाले आणि गिटारवाला हसला.

शब्द कळत नाहीत म्हणून घाबरू नका पण एक गोष्ट माहीत असेल तर ऐकायला मजा येते. पारंपरिक फादोच्या काही ठरलेल्या चाली आहेत, मेनोर, कोरिदु, मोरारिया ह्या सगळ्यात जुन्या, आणि गाणारा त्या चालीवर आपल्याला हवी ती कविता बसवतो. आपल्याकडे एकाच चालीत चार वेगवेगळे अभंग म्हणतात ना, तसंच. त्यामुळे एकाच रात्री दोन वेगळे गायक एकच चाल वेगळ्या शब्दांनी गातात आणि दुसऱ्याने ती कशी फिरवली हे पोर्तुगीज न येता पण कळतं. मेनोर मंद आणि दुखरी, कोरिदु चालती, हसरी सुद्धा. सगळा फादो रडका असतो हे खोटं आहे. बाकी 'सौदाद' हा शब्द सारखा कानावर पडेल, त्याचा अर्थ लोक पानभर सांगतात, मला आपला हुरहूर हा शब्द पुरतो.

फादु व्हादियुला गेलात तर नियम तेच, फक्त सोय कमी. बसायला जागा मिळेलच असं नाही, ज्याच्या शेजारी जागा त्याच्या टेबलवर बसायचं, एक ग्लास आणि काहीतरी खायला मागवायचं, तिकीट नसतं पण एका कोकवर तीन तास बसणं बरं दिसत नाही. गाणं कधी अप्रतिम, कधी बेसूर, आणि शेजारच्या आजीला बेसूर गाण्याला पण तेवढ्याच टाळ्या, कारण ती त्यांची आजी आहे. कोइंब्रा शहराला जाणार असाल तर तिथला फादो वेगळा, युनिव्हर्सिटीतला, काळे झगे घातलेली मुलं गातात, परंपरेने पुरुषच, आणि तिथे जुन्या रिवाजाने टाळ्या वाजवत नाहीत, घसा खाकरतात. लिस्बनमधे खाकरू नका, पाणी आणून देतील.

बिल गाणं चालू असताना मागायचं नाही हे वेगळं सांगायला नको. दोन सेटच्या मधे 'आ कोंता, पुर फव्होर'. टिप सक्तीची नाही, आवडलं तर पाच-दहा टक्के ठेवा. गायक बरेचदा सीडी घेऊन टेबलाशी येतात, नको असेल तर 'ओब्रिगादु' (धन्यवाद) एवढं पुरे, बायकांनी 'ओब्रिगादा'.

पण बिल लवकर मागू नकाच. साडेदहा-अकराला ग्रुपवाले उठतात, खोली अर्धी रिकामी होते आणि गाणाऱ्यांची खांद्यावरची शाल जरा सैल होते. आम्ही थांबलो म्हणून 'देश्गारादा' मिळाली, दोन गायिका आणि गिटारवाल्याचा एक मित्र, एकमेकांना ओळींत टोमणे, ती एक म्हणणार आणि दुसरी त्याच चालीत उत्तर देणार, थेट तमाशातले सवाल-जवाब. काय बोलत होत्या देव जाणे, वेटर मात्र हसून हसून ट्रे खाली ठेवून बसला होता.

घरी जायचं तर मेट्रो रात्री एकपर्यंत असते, आल्फामाला सांता अपोलोनिया स्टेशन जवळ. बोळांत टॅक्सी शिरत नाही, खाली म्युझियमसमोरच्या चौकात उतरून मगच बोलवा. आणि ती फरसबंदी रात्री दव पडलं की साबण लावल्यासारखी होते, त्यामुळे बायकांनी हिल्स आणि बाबा लोकांनी ते गुळगुळीत तळव्याचे लग्नातले बूट हॉटेलवरच ठेवा.